खिशातला प्लेअर: थांबला तिथूनच सुरू होतो का?

प्रश्न: माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. रोज पहाटे प्रीतिसंगमापर्यंत फिरायला जातात. त्यांच्या साठेक कॅसेट माझ्या मुलाने कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आहेत. त्यात कीर्तनं आहेत, नाट्यगीतं आहेत, रेडिओवरून टेप केलेल्या मैफली आहेत. कॅसेटची एक बाजू म्हणजे एक फाइल. मोबाइलवर लावून दिलं, पण मध्येच फोन येतो, गाणं बंद पडतं आणि पुन्हा लावणं त्यांना जमत नाही. "मला आपलं वॉकमनसारखं काहीतरी आण," म्हणतात. बाजारात हजारापासून पाच हजारांपर्यंत छोटे प्लेअर दिसतात. कुणी जीबी सांगतं, कुणी ब्लूटूथ. नेमकं काय बघून घेऊ?
– एक वाचक, कराड

उत्तर: ताई, 'वॉकमनसारखं' या एका शब्दात वडिलांनी सगळं सांगितलं आहे. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली जपानमध्ये आला. त्यात स्मरणशक्तीची कुठलीही चिप नव्हती, तरी तो काही विसरत नसे. स्टॉप दाबलं की फीत होती तिथेच थांबायची. आठ दिवसांनी प्ले दाबलं तरी बुवांचं निरूपण त्याच वाक्यापासून पुढे. ती कॅसेट दुसऱ्या टेपमध्ये घातली तरी तेच. वडिलांच्या हाताला इतकी वर्षं हीच सवय आहे. आणि तुमची एकेक फाइल अर्ध्या तासाची! प्लेअर रोज पहाटे ती पहिल्यापासून लावू लागला, तर त्यांना पूर्वरंगच ऐकावा लागेल, आख्यानापर्यंत पोचायच्या आत घर येईल.

मिरजेत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे, बत्तीस वर्षं झाली. "बिघडलाय, बघा जरा" म्हणून जे छोटे प्लेअर येतात, त्यांतले कितीतरी मुळीच बिघडलेले नसतात. ऐकणाऱ्याची जागा हरवते, तो कंटाळतो आणि प्लेअर ड्रॉवरमध्ये जातो. म्हणून माझं पहिलं मत हेच, की जीबी, ब्लूटूथ, पडदा हे सगळं नंतर. थांबला तिथून सुरू होतो का, हे आधी बघा.

बघायची रीत सांगतो. वडिलांचीच एक लांब फाइल एका कार्डावर घालून दुकानात न्या. ती लावा, पुढे ढकलत सतराव्या-अठराव्या मिनिटावर आणा आणि प्लेअर पूर्ण बंद करा. नुसता पॉज नको, बंदच करा. पाच मिनिटं दुकानदाराशी बोला, मग चालू करा. काही प्लेअर थेट सतराव्या मिनिटावर येतात. काहींना फाइल आठवते, पण सुरुवात पहिल्यापासून होते. काही तर यादीतल्या पहिल्या फाइलवर जाऊन बसतात. पहिल्या जातीचा सापडला तरी एवढ्यावर थांबू नका. मध्ये रेडिओ लावून परत या. मग कॉम्प्युटरला जोडा, काढा आणि पुन्हा बघा. कॉम्प्युटरला जोडल्यावर बरेच प्लेअर आपली यादी नव्याने बांधतात आणि त्यात जागा पुसली जाते. चार्जिंग भिंतीच्या सॉकेटवर करणार असाल तर एवढं दुखणं खपून जाईल.

याच वेळी फाइल पुढे ढकलायला किती वेळ लागतो तेही बघून घ्या. बटण दाबून धरलं की काही प्लेअर गोगलगायीसारखे सरकतात. अर्ध्या तासाच्या फाइलमध्ये विसाव्या मिनिटाला पोचेपर्यंत अंगठा दुखतो.

दुसरी गोष्ट बटणांची. प्लेअर सदऱ्याच्या खिशात घाला, वरून कापडावरूनच चाचपा. प्ले कुठे, आवाज कमी करायचं कुठे, हे न बघता कळलं पाहिजे. ही परीक्षा तुम्ही देऊ नका, वडिलांना द्यायला सांगा, कारण अंगठा त्यांचा आहे. ॲपलने २००९ साली आयपॉड शफलच्या अंगावरची गाणं लावायची-बदलायची बटणं काढून टाकली आणि सगळा कारभार इअरफोनच्या वायरीवर नेला. पुढच्याच वर्षी, २०१० च्या शफलमध्ये ती गोल बटणं परत आली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे एका वर्षात फिरवावं लागलं, ते आपण कशाला विकत घ्यायचं? मी स्वतः मागे एक गुळगुळीत, स्पर्शाच्या बटणांचा प्लेअर घेतला होता. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. स्टेशनवर उभा असताना खिशातल्या रुमालाचा धक्का लागून आवाज एकदम टोकाला गेला. कानातून ओढून काढेपर्यंत दोन सेकंद गेले असतील, पण संध्याकाळपर्यंत त्या कानात शिट्टी वाजत होती. तेव्हापासून दाबल्यावर 'टक' असं बोटाला कळणारी बटणं आणि वेगळं लॉक असल्याशिवाय मी कुणाला प्लेअर सुचवत नाही.

आता आवाज. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तुमच्याकडे मैफली आहेत.

आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोरे बनतात. तिथले एक जाणकार कारागीर माझ्या दुकानात येऊन बसतात. नवा प्लेअर आला की मी त्यांच्या कानाला लावतो. फाइल एकच, नुसत्या तंबोऱ्याची. ते डोळे मिटतात आणि आवाज कमी, आणखी कमी करत जातात. तार छेडल्यावर सूर मावळत जातो ना, त्या मावळण्याच्या शेवटाला काय ऐकू येतं ते बघायचं असतं. चांगल्या प्लेअरवर सूर शांततेत विरतो. हलक्या प्लेअरवर तो 'श्श्श' अशा खरखरीत बुडतो. ही खरखर प्लेअरच्या स्वतःच्या सर्किटची असते आणि आवाज शून्यावर नेला तरी तशीच राहते. दुसरं ते खर्ज तपासतात. खर्जाची तार जवळजवळ ऐकूच येत नसेल तर दोष बहुधा सोबत आलेल्या इअरफोनचा असतो. म्हणून स्वतःचा, ओळखीचा इअरफोन घेऊन जा. जव्हारी (घोडीवर तार टेकते ती जागा) नीट लागलेल्या तंबोऱ्यातून निघणारी ती झणकार दोन प्लेअरवर किती वेगळी येते, हे एकदा ऐकाच.

ही परीक्षा वडिलांच्या कॅसेटवर मात्र करू नका. कॅसेटला फितीची स्वतःची खरखर असते. गायक अब्दुल करीम खाँसाहेब गेले १९३७ साली. त्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या गाण्यात सुईची खरखर असणारच. तो दोष प्लेअरच्या माथी मारला जातो. एखादं स्वच्छ, अलीकडचं ध्वनिमुद्रण घ्या.

आवाजाची सर्वांत खालची पायरीही बघा. पहाटे पाचला, घर झोपलेलं असताना, काही प्लेअरचा 'एक' सुद्धा मोठा वाटतो. वरच्या बाजूला सांभाळायचं ते असं: जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते. डेसिबल मोजायला घरी यंत्र नसतं. हातभर अंतरावरून तुम्ही नेहमीच्या आवाजात हाक मारली आणि बाबांना कळली नाही, तर आवाज जास्त आहे. आणि ताई, रस्त्याने चालताना एकच कान, ही अट घालाच. मागून येणारी दुचाकी ऐकू आली पाहिजे. एका कानाने ऐकायचं तर मुलाला सांगा की फाइल मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखाच आवाज येईल अशी, करून टाक. नाहीतर जिथे तबला डावीकडे आणि गाणं उजवीकडे आहे, तिथे अर्धीच मैफल कानावर पडेल.

जागेची चिंता करू नका. साठ मिनिटांची कॅसेट १९२ केबीपीएस (दर सेकंदाला १९२ किलोबिट) एमपीथ्रीत साधारण ८६ एमबी होते. साठ कॅसेटचे सव्वापाच जीबी. म्हणजे ८ जीबीच्या प्लेअरमध्ये सगळं मावून थोडी जागा उरते. कार्ड घालायची सोय असली तर बरं, पण ३२ जीबीपर्यंतचंच घ्या. ६४ आणि त्यापुढची कार्डं वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि बरेच साधे प्लेअर ती वाचतच नाहीत. स्वस्त मिळालेलं कार्ड पूर्ण भरा आणि सर्वांत शेवटी घातलेली फाइल वाजवून बघा. बनावट कार्डावर आकडा मोठा छापलेला असतो, पण आत जागा नसते. पहिल्या फाइली छान वाजतात आणि पुढच्या गायब.

बॅटरीचे जे तास खोक्यावर लिहिलेले असतात, ते पडदा बंद ठेवून आणि आवाज मध्यम ठेवून मोजलेले असतात. वडिलांचा रोजचा तास-दीड तास धरला तर दहा-बारा तास खरे मिळाले तरी आठवडा निघतो. रविवारी चार्जिंग, असा वार ठरवून टाका. रेडिओ असला तर तो एफएम असतो आणि इअरफोनची वायर हीच त्याची एरियल, त्यामुळे वायर लावल्याशिवाय नीट लागत नाही. मध्यम लहरींवरची केंद्रं त्यावर मिळणार नाहीत, हे बाबांना आधीच सांगून ठेवा.

तयार गाणी भरलेला कारवाँसारखा पेटीवजा प्लेअर (तो २०१७ साली आला, त्याची मराठी आवृत्तीही आहे) घरात टेबलावर ठेवायला फार चांगला. पण तो सदऱ्याच्या खिशात जात नाही आणि वडिलांना स्वतःच्या कॅसेट ऐकायच्या आहेत. तुमच्या कामासाठी दोन ते तीन हजारांत, क्लिप असलेला, खरी बटणं असलेला, वायरचा साधा प्लेअर पुरे. जास्तीचे पैसे हलक्या, कानाला न टोचणाऱ्या इअरफोनवर घाला.

प्रश्न: मी डोंबिवलीहून रोज लोकलने जाते, दीड तास जायला, दीड तास यायला. मित्र म्हणतात, मोबाइल सोड, वीस-पंचवीस हजारांचा चांगला म्युझिक प्लेअर घे, फ्लॅक फाइली ऐक, फरक कळेल. घेऊ का? आणि ब्लूटूथ की वायर?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: लोकलसाठी नका घेऊ. फ्लॅक म्हणजे सीडीतलं काहीही न गाळता घडी घालून ठेवलेली फाइल. सीडीचा प्रवाह १४११ केबीपीएसचा, चांगल्या एमपीथ्रीचा ३२०. फरक आहे, पण तो अतिशय बारीक जागी आहे आणि चालत्या डब्यातल्या खडखडाटाखाली तो पूर्ण गाडला जातो. मैत्रिणीला एकच गाणं दोन्ही प्रकारांत लावायला सांगा, कुठलं कुठलं ते तिने सांगायचं नाही. दहापैकी नऊ वेळा तुम्ही बरोबर ओळखलंत, तेही घरी, शांत खोलीत, तर पैसे साठवायला लागा. मी माझ्या दुकानात शटर ओढून असं ऐकतो आणि माझेही नेम चुकतात.

लोकलमध्ये फरक पडतो तो कानात घट्ट बसणाऱ्या रबरी टोप्यांनी. कंपनी तीन मापं देते, पण बहुतेक जण मधलं माप लावून मोकळे होतात. तिन्ही लावून बघा. बरोबर माप बसलं की गाडीचा आवाज बाहेर राहतो आणि गाणं कमी आवाजावरही भरपूर लागतं. तीन तासांच्या प्रवासात कान वाचवायचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वायर की ब्लूटूथ, याला तुमच्या गर्दीचं उत्तर आहे. चढता-उतरताना वायर कुणाच्या तरी पर्सच्या कडीत अडकते, हे खरं. बिनवायरीचं इअरबड फलाट आणि डब्याच्या फटीत पडलं की गेलं, हेही खरं. त्यात दोन बॅटऱ्या सांभाळायच्या. मी वायर कुर्त्याच्या आतून घ्यायला सांगेन आणि चढताना, उतरताना दोन्ही कान मोकळे ठेवायला सांगेन.

प्रश्न: माझ्या नव्या प्लेअरवर मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात आणि गाणी कसल्याही क्रमाने लागतात. परत करू का?
– एक वाचक, लातूर

उत्तर: चौकोन दिसतात कारण प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरांचा साचाच भरलेला नाही. तो तुम्हाला घालता येणार नाही. फाइलचं नाव आणि तिच्या आत लिहिलेलं गाण्याचं नाव, दोन्ही रोमन अक्षरांत करा. नुसतं बाहेरचं बदललंत तर चौकोन तसेच राहतील.

क्रमाचं असं आहे, की साधे प्लेअर नाव बघत नाहीत, फाइल कार्डावर कुठल्या क्रमाने आली ते बघतात. नावाच्या सुरुवातीला 01, 02 असे आकडे घाला, पण ते देवनागरी नकोत, इंग्रजीच ठेवा. मग कार्ड रिकामं करा आणि फाइली त्याच क्रमाने एकेक करून घाला, सगळ्या एकदम ओढून टाकू नका. मोठ्या ख्यालाची विलंबित आणि द्रुत अशी दोन तुकड्यांतली फाइल असेल तर तेवढी जोडून एकच करून घ्या. विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये अर्ध्या सेकंदाची फट पडली की समेवर यायच्या आत ठेका तुटतो. एवढं करूनही क्रम चुकला, तर मुदतीच्या आत परत करा.