मंगळावर हवा जवळजवळ नाहीच, मग तिथे वाळूच्या टेकड्या कशा तयार होतात? त्यांवरून वाऱ्याची दिशा कळते का?

आधी सिनेमातलं मंगळाचं वादळ डोक्यातून काढून टाका. तिथली हवा आपल्या हवेच्या साधारण साठाव्या हिश्श्याइतकी विरळ आहे. ताशी 100 किमीचा वारा सुटला तरी अंगाला जेमतेम ताशी 13 किमीच्या वाऱ्याइतकाच लागेल, म्हणजे रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खाताना लागतो तेवढा. त्यामुळे तुमची शंका रास्त आहे.

गंमत अशी की वाऱ्याला सगळी वाळू उचलावी लागतच नाही. आमच्या कोल्हापुरात हल्ली बांधकामावर क्रश सँड येते, काळ्या दगडाचा चुरा. ती बारीक चाळून, उन्हात खडखडीत वाळवून गच्चीवर पातळ पसरा आणि एका बाजूनं मांडवात लावतात तसला मोठा पंखा सोडा. भुकटी लगेच उडून जाईल (शेजाऱ्यांचे कपडे वाळत नाहीत ना, बघून घ्या). मग तळहात जमिनीलगत आडवा धरा. कण टोचतील. हात हळूहळू वर न्या, टोचणं थांबतं. वाळू हवेत तरंगत नाही, उड्या मारते. आणि प्रत्येक उडी मारणारा कण खाली पडताना दुसऱ्या दोन-चार कणांना उडवतो, कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगट्या फोडतो तसा.

मंगळावर हाच प्रकार टोकाला जातो. पहिला कण हलवायला तिथे फार जोराचा वारा लागतो. पण एकदा का तो उडाला, की गुरुत्वाकर्षण आपल्या 38 टक्केच आणि अडवायला हवा नाही, त्यामुळे उडी उंच आणि लांब जाते. आपटतो तेव्हा पुढच्यांना उडवायला पुरेल इतका वेग त्याच्यात असतो. म्हणून सुरुवातीला लागलेल्या वाऱ्याच्या कितीतरी कमी वाऱ्यावरही वाळू वाहत राहते. सुरुवात वारा करतो, पुढचं काम वाळूच वाळूकडून करून घेते.

मंगळावरच्या टेकड्या जुन्या काळातल्या, आता थिजलेल्या आहेत असं बरेच दिवस मानलं जायचं. मग मंगळाभोवती फिरणाऱ्या यानानं निली पटेरा इथले फोटो 105 दिवसांच्या अंतरानं घेतले आणि 2012 साली त्यांवरून हिशेब मांडला गेला. टेकड्या सरकत होत्या, आणि वाहणाऱ्या वाळूचं प्रमाण अंटार्क्टिकातल्या व्हिक्टोरिया खोऱ्यातल्या टेकड्यांच्या तोडीचं होतं! 2015 च्या अखेरीस मंगळावर फिरणारी क्युरिऑसिटी गाडी अशाच टेकड्यांपाशी पोचली. त्यांना बॅगनॉल्ड यांचं नाव दिलंय. लिबियाच्या वाळवंटात मोटारी घालून हिंडलेला हा ब्रिटिश लष्करी अधिकारी. वाळू उड्या मारत जाते, हे त्यानं वाऱ्याच्या बोगद्यात (पंख्यानं वारा सोडलेल्या बंद नळीत) मोजून 1941 साली मांडलं. आणि ती वाळू काळी, बेसाल्टची. म्हणजे जात आमच्या क्रश सँडचीच.

आता दिशेचं. चंद्रकोरीसारखी टेकडी असेल तर सोपं आहे: वारा येतो त्या बाजूला उतार सौम्य, जातो त्या बाजूला तीव्र, आणि कोरीची दोन्ही टोकं वारा जातो तिकडे वळलेली. मंगळावर हे चांगलं चालतं.

शनीच्या टायटन उपग्रहावर मात्र सगळं उलटंपालटं आहे. हवा आपल्यापेक्षा चौपट दाट, गुरुत्वाकर्षण सातवा हिस्सा, तापमान उणे 179 अंश आणि वाळू दगडाची नाहीच, कार्बनी पदार्थांची. 2005 मध्ये शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाच्या रडारला तिथे विषुववृत्ताजवळ सुमारे 100 मीटर उंचीच्या, शेकडो किलोमीटर लांब रांगा दिसल्या. त्यांची ठेवण सांगते की वाळू पूर्वेकडे गेली. पण हवामानाची गणितं म्हणतात, तिथला रोजचा वारा पश्चिमेकडे वाहतो. एक पटणारं उत्तर असं की रोजच्या वाऱ्यात वाळू हलण्याइतका दम नाही. विषुवाच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या काळाच्या, सुमारास क्वचित येणारी उलट दिशेची वादळंच टेकड्या घडवतात. मला हेच बरोबर वाटतं, पण तिथे उतरून वारा मोजल्याशिवाय कुणी पैज लावू नये. ड्रॅगनफ्लाय नावाचं उडतं यान 2028 मध्ये निघून 2034 मध्ये त्याच टेकड्यांच्या भागात उतरवायचा बेत आहे.