अंड्यावर आलेली कासवी आणि थंडी

पहिली गोष्ट, तिला थंडीत झोपू देऊ नका. एरवी काही कासवं गारठ्यात सुस्तावतात ते ठीक, पण पोटात अंडी असताना ती अडकण्याची भीती असते. लाल कानाची पाणकासवी असेल तर पाणी २५-२६ अंशांवर ठेवा आणि ऊन खायची जागा ३० ते ३२ वर. हीटरला जाळी लावाच, नाहीतर ती धडकून हीटरची काच फोडते. अंदाजाने हात बुडवून बघू नका, थर्मामीटर घ्या.

खाणं कमी होईल, टाकीच्या काचेवर सारखी नखं घासेल, मागचे पाय उकरल्यासारखे हलवेल. म्हणजे तिला अंडी घालायला जागा हवी आहे. टबात वीतभर तरी ओलसर माती-वाळू भरा. मुठीत दाबली की गोळा व्हावा, पाणी गळू नये. वरून उबेचा दिवा सोडा आणि बाजूला व्हा. सारखं डोकावलंत तर ती खड्डा अर्धवट सोडते (माझ्या कासवीने दोनदा सोडला).

कॅल्शियमसाठी समुद्रफेणाचा तुकडा पाण्यात टाकून ठेवा, यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) दिवा चालू ठेवा. नराशी कधीच जोडी झाली नसली तरी अंडी येतात, ती उबत नाहीत एवढंच.

ताकद लावूनही अंडं येत नसेल, किंवा ती मलूल पडली, तर पोट दाबू नका. एक्स-रे काढणारा प्राण्यांचा डॉक्टर गाठा.