राताग्नोन: मांग्यान की बिसायन?

प्रश्न असा आलाय की एका ठिकाणी राताग्नोन या भाषेला मांग्यान म्हटलंय, दुसरीकडे बिसायन, मग नक्की काय, आणि दाताग्नोन-लाताग्नोन या वेगळ्या भाषा आहेत का?

दोन्ही बरोबर आहे, कारण मांग्यान हे भाषेचं नाव नाहीच. फिलिपिन्समधल्या मिंदोरो बेटावरच्या मूळच्या आठेक जमातींना मिळून मांग्यान म्हणतात, त्यात इराया, आलांगान, बुहिद, हानुनोओ वगैरे आले, आणि प्रत्येकीची भाषा वेगळी. या सगळ्यात बिसायन, म्हणजे मुख्यतः मध्य फिलिपिन्समधल्या भाषांच्या, कुळातली भाषा फक्त राताग्नोन लोकांची. ते राहतात बेटाच्या पार दक्षिण टोकाला, आणि त्यांची भाषा जवळची आहे ती समुद्रापलीकडच्या कुयो बेटांवरच्या कुयोनोनला, शेजारच्या हानुनोओला नाही! भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड झॉर्क यांनी १९७७ मध्ये बिसायन भाषांची जी वर्गवारी केली त्यात ती पश्चिम गटात कुयोनोनसोबतच आहे.

बिसाया या शब्दानेही गोंधळ होतो, सेबू आणि मिंदानाओ बेटांवर बिसाया म्हणजे सरळ सेबुआनो भाषा, पण अभ्यासक बिसायन म्हणतात तेव्हा हिलिगायनोन, वाराय, आक्लानोन, अगदी दक्षिणेकडच्या सुलू बेटांवरच्या मुस्लिमांची ताउसुगसुद्धा त्यात येते.

आता दाताग्नोन, लाताग्नोन. ही एकाच भाषेची नावं आहेत. त्या भागातल्या भाषांत द, र, ल यांची अदलाबदल नेहमीची, फिलिपिन्सच्या मुख्य भाषेत, टागालोगमध्येच बघा ना, ‘इथे’ला दितो पण म्हणतात आणि रितो पण. शेवटचा -नोन मात्र आपल्या ‘कर’सारखा समजा, आक्लानचा तो आक्लानोन, कुयोचा तो कुयोनोन.

लिहिताना एक विनंती, इंग्रजी स्पेलिंग बघून ‘राटाग्नॉन’ करू नका, तिथले त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, तेव्हा राताग्नोनच लिहा (टागालोगचं खरं तर तागालोगच हवं, पण ते आता रुळलंय). आणि ‘मांग्यान बोली’ असं तर अजिबात नको. बोलणारे अगदी थोडे उरलेत, तरुण मंडळी टागालोगकडे वळलीयेत, अशा वेळी निदान भाषेला तिच्या नावाने तरी ओळखावं असं मला फार वाटतं. हानुनोओ आणि बुहिद यांच्या ब्राह्मीकुळातल्या लिप्या १९९९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या म्हणून मांग्यान म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं, राताग्नोनचं नाव कुणी घेत नाही.