बी.ए. कशात केलं, हे कोण विचारतं?

वाचकांचे प्रश्न : शिक्षण आणि नोकरी

मुलगी बारावी कला शाखेत पास झाली. तालुक्याच्या कॉलेजात समाजशास्त्र, गृहअर्थशास्त्र, इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, मराठी असे विषय आहेत. नोकरी देणारे कोणत्या विषयाला जास्त मानतात?
– एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

बहुतेक ठिकाणी कोणत्याच नाही. राज्यसेवा, तलाठी (आताचं नाव ग्राम महसूल अधिकारी), बँकेतला लिपिक, या सगळ्यांच्या जाहिरातीत 'कोणत्याही शाखेची पदवी' एवढंच लिहिलेलं असतं. तिथे इतिहास आणि गृहअर्थशास्त्र एकाच रांगेत. पण काही जाहिरातींत विषयाचं नाव छापलेलं असतं, आणि ती नोकरी मिळायची की नाही हे प्रवेशाच्या दिवशीच अर्धं ठरून जातं. म्हणून आधी जाहिराती वाचा, मग विषय निवडा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. मैत्रिणीने जो घेतला तोच विषय.

अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेचं पद घ्या. जिल्हा परिषदांच्या २०२३ च्या भरतीत या पदाला समाजशास्त्र, गृहविज्ञान, शिक्षण, बालविकास, पोषण अशा विषयांतली पदवी मागितली होती. गावात 'स्वयंपाकाचा विषय' म्हणून ज्या गृहविज्ञान-गृहअर्थशास्त्राला हसतात, त्याला इथे भाव आहे. फक्त प्रवेशाआधी कॉलेजात विचारून घ्या, की गुणपत्रिकेवर विषयाचं नाव काय छापून येतं आणि तो मुख्य विषय धरला जातो का. कागदपत्रं तपासणारा माणूस छापलेलं नाव बघतो, तुम्ही काय शिकलात ते नाही.

शिक्षकी पेशाचं गणित वेगळं. दहावीपर्यंतच्या शाळेत भाषा, इतिहास, भूगोल शिकवतात. समाजशास्त्र आणि मानसशास्त्र अकरावीला सुरू होतात. अकरावी-बारावीला शिकवायचं तर एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागतात. त्यामुळे बी.एड. करायचं पक्कं असेल तर भूगोल, इतिहास, मराठी किंवा इंग्रजी घेतलेलं बरं. पुढे आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आहे आणि पवित्र पोर्टल या सरकारी संकेतस्थळावरच्या शिक्षक भरतीसाठी टेट (अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी). दोन्हींची नावं सारखी वाटतात म्हणून पुष्कळ मुलं एकच देऊन बसतात.

भूगोलाबद्दल एक गैरसमज आहे. भूगोलात बी.ए. झालं की भूमी अभिलेखात भूकरमापक होता येतं, असं सांगितलं जातं. होता येत नाही. त्या पदाला स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा दहावीनंतर आयटीआयचा सर्वेक्षक हा कोर्स लागतो. भूगोलाचा खरा उपयोग नकाशाच्या कामात आहे. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात आपल्या गावाचे नाले, शेततळी, रस्ते यांचा एक नकाशा स्वतः करून दाखवणारी मुलगी पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेला हवीच असते.

घरात धाकटं कोणी अकरावीत जाणार असेल तर तेही सांगून ठेवतो. वनरक्षकाच्या भरतीत बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो. पुढे बी.ए., एम.ए. काहीही केलं तरी बारावीचं ते पान बदलत नाही.

बी.ए. समाजशास्त्र झालं आहे, गोंडी बोलता येते. एका संस्थेत क्षेत्र कार्यकर्ता पदासाठी मुलाखत आहे. एम.एस.डब्ल्यू. झालेले पुढे निघून जातात असं ऐकलं. खरं आहे का?
– वाचक, ता. कोरची, जि. गडचिरोली

खरं आहे, आणि त्याला कारण आहे. एम.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. तिला दोन्ही वर्षं क्षेत्रकार्य असतं. वस्तीत जायचं, केलेलं लिहून काढायचं, शिक्षकाकडून दुरुस्त करून घ्यायचं. समाजशास्त्राच्या बी.ए.ला गाव म्हणजे काय ते पुस्तकातून कळतं, पण पन्नास माणसांच्या बैठकीचं इतिवृत्त लिहायला कोणी बसवत नाही. संस्थेला पहिल्या महिन्यापासून इतिवृत्त लागतं. ही उणीव पदवीची नाही, सरावाची आहे, आणि महिनाभरात भरून काढता येते. जवळच्या ग्रामसभेला जा. कोण आलं, कोणता ठराव, कोणी विरोध केला, पुढचं काम कोणाकडे, हे एका पानात लिहा. अशी तीन पानं मुलाखतीला सोबत न्या.

मुलाखतीत बहुधा एक कुटुंब कल्पून माहिती घ्यायला सांगतील. तेंदूपत्त्याचं उदाहरण धरू. तुम्ही विचारलं, 'तेंदूचे किती मिळाले?' समोरून उत्तर, 'बारा हजार.' नवखा कार्यकर्ता आकडा लिहून पुढच्या प्रश्नाला जातो आणि तिथेच फसतो. आपल्याकडे पुडा, म्हणजे पानांची जुडी, ७० पानांचा आणि प्रमाण गोणी १००० पुड्यांची. म्हणून आधी विचारायचं ते पुड्यांबद्दल : घरातून किती जण तोडायला गेले, किती दिवस, रोज किती पुडे दिले. मग पुड्याचा दर लावून बघायचा. बारा हजारांत फक्त मजुरी आहे, की ग्रामसभेने पत्ता विकल्यावर उशिरा वाटलेला बोनसही, हे त्याशिवाय समजत नाही. बोनस कधी कधी पुढच्या हंगामाच्या तोंडावर येतो. मग दोन वर्षांचं उत्पन्न एकाच रकान्यात जाऊन बसतं. हे स्वतःहून विचारणारा उमेदवार एम.एस.डब्ल्यू. नसला तरी लक्षात राहतो.

गोंडी येते ही तुमची सगळ्यात मोठी बाजू आहे, आणि बायोडेटात ती शेवटच्या ओळीत 'ज्ञात भाषा' म्हणून पडलेली असणार. ती वर आणा. नुसतं 'गोंडी' लिहू नका. 'गोंडी बोलता येते. बैठकीत गोंडीचं मराठी आणि मराठीचं गोंडी तोंडी करून सांगता येतं' असं लिहा. कोरची भागात छत्तीसगढीही कानावर असते. समजत असेल तर तेही लिहा. 'छंद : वाचन, गाणी ऐकणे' ही ओळ काढली की जागा होते. दुचाकीचा परवाना असेल तर क्षेत्राच्या नोकरीत तो पदवीच्या खालोखाल बघतात. लर्निंग लायसन्स असेल तर तसंच लिहा, पक्कं आहे म्हणून सांगू नका.

इंग्रजी वाङ्मयात बी.ए., ४६ टक्के, दोनदा एटीकेटी. आता कुठे घेतील?
– वाचक, ता. मेहकर, जि. बुलडाणा

टक्के कुठे अडतात ते आधी बघा. बी.एड.ला खुल्या प्रवर्गाला ५० आणि राखीवला ४५ टक्के लागतात. तुम्ही राखीवमध्ये असाल तर तो रस्ता उघडा आहे, नसाल तर एम.ए.ला ५० च्या वर काढूनही जाता येतं. सरकारी बँकांच्या लिपिक परीक्षेला पदवीच्या टक्क्यांची अट नाही. वय २० ते २८ आणि राज्याची भाषा यावी लागते. एटीकेटी कोणी मोजत नाही. मोजतात ती पास झाल्यानंतरची कोरी वर्षं. त्या वर्षांत शेती केली असेल तर सरळ 'घरची शेती' लिहा. तिथे खोटा अनुभव लिहिणारा दुसऱ्या प्रश्नाला सापडतो.

खाजगी ठिकाणी मात्र इंग्रजीच्या पदवीचं एक ओझं असतं. समोरचा गृहीत धरतो की याला इंग्रजीत चार ओळींचं पत्र लिहिता येईल, आणि तिथेच कागद पुढे करतो. नाटकातल्या पात्रांवरच्या टिपा पाठ करून पास झालेल्यांचा हात इथे थरथरतो. रोज एक ई-मेल लिहा : माल उशिरा आला, पावती मिळाली नाही, रजा हवी. पाच ओळींच्या वर नको.

जोडीला टंकलेखन करा. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट या वेगाचं प्रमाणपत्र लागतं आणि कोर्स सहा महिन्यांचा असतो. जाहिरात निघाल्यावर क्लास लावणाऱ्याचं प्रमाणपत्र अर्जाची मुदत संपल्यावर हातात येतं.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. बँका आणि बचत गटांना कर्ज देणाऱ्या कंपन्या उमेदवाराची स्वतःची कर्जफेड तपासतात. हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचे दोन हप्ते थकले असतील तर अर्जाआधी भरून टाका.

मानसशास्त्रात बी.ए. करून समुपदेशक होता येईल का?
– विद्यार्थिनी, ता. दर्यापूर, जि. अमरावती

नुसत्या बी.ए.वर नाही. बहुतेक शाळा आणि रुग्णालयं एम.ए. मागतात, आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. पाच-सहा वर्षं शिकायची घरची तयारी असेल तरच हा विषय घ्या.

मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरीत चालते का?
– वाचक, ता. तुमसर, जि. भंडारा

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी सरकारी नोकरीला चालते. घोटाळा होतो तो दुसरीकडे. तालुक्यात कोणीतरी एजंट परराज्यातल्या विद्यापीठाची पदवी 'एका वर्षात' देतो म्हणतो. तुम्ही प्रवेश घेतला त्या वर्षी त्या विद्यापीठाला दूरशिक्षणाची मान्यता होती का, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर वर्षवार बघता येतं. पैसे भरायच्या आधी बघा आणि त्या पानाची प्रिंट काढून फाइलला लावा.