पास देणाऱ्याकडे बोट

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण, तुझा परवाचा लांबलचक मेसेज. डेटा तू गोळा केलास, रात्री-अपरात्री मशीनपाशी तू बसलीस आणि परिषदेत बोलायला उभा राहिला तुझा सिनियर. टाळ्या त्याला, फोटो त्याचा, गाईडने पाठ थोपटली तीही त्याचीच. तुझं नाव शेवटच्या स्लाइडवर, बारीक टायपात. "काका, लॅब बदलू का?" असं विचारलंस आणि लगेच खाली, जणू विषय बदलायला म्हणून, "इथे मार्चमध्ये सगळ्यांना बास्केटबॉलचं वेड लागतं ते काय असतं हो? रूममेट ब्रॅकेट, म्हणजे कोण कोणाला हरवणार याच्या अंदाजांचा तक्ता, भरायला लावतेय."

दोन्हींचं उत्तर मी एकाच मॅचमधून देणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस. तू अमेरिकेत रॅली शहरात आहेस, मी शिकायला होतो तो चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, तुझ्यापासून गाडीने अर्ध्या तासावर. म्हणजे मी कॅरोलायनाचा, आणि पुण्याला परतून एवढी वर्षं झाली तरी कॅरोलायनाचाच. जे सांगेन त्यात पक्षपात असणार, तेवढा तू वजा करून घे.

आधी स्पर्धेचं. देशभरातल्या कॉलेजांचे 68 संघ, तीन आठवडे आणि एक हार म्हणजे थेट घरी. आपल्या आयपीएलमध्ये आज हरलं तरी परवा पुन्हा मॅच असते. इथे तसं नाही. त्यात खेळणारी पोरं विशी-बाविशीतली, विद्यार्थी. चौथ्या वर्षाचा मुलगा हरला की त्याची कॉलेजची जर्सी तिथेच उतरते. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला एका सोमवारी होणाऱ्या फायनलनंतर तुला मोठमोठे बाप्ये रडताना दिसतील. हसू नकोस.

मी सांगतोय ती फायनल 4 एप्रिल 2016 ची, ह्यूस्टनची. अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मधोमध लाकडी कोर्ट टाकलेलं, भोवती 74 हजार माणूस, त्यात कॅरोलायनाचा जुना विद्यार्थी मायकेल जॉर्डनसुद्धा. समोर फिलाडेल्फियाजवळचं व्हिलानोवा. सेमीफायनलमध्ये त्यांनी ओक्लाहोमाला 95-51 असं धुतलं होतं, तरी मला वाटत होतं, आपण उंच, आपण दांडगे, काढू. पुण्यात मंगळवारची सकाळ होती. ऑफिसला उशीर होईल असं कळवून मी लॅपटॉपसमोर बसलो.

हाफटाइमला आम्ही 39-34 ने पुढे होतो. मग व्हिलानोवाने हळूहळू पकड घेतली. त्यांचा फिल बूथ बेंचवरून आला आणि संघात सर्वांत जास्त, 20 गुण करून गेला. त्याचं नाव आज कोण काढतं? पाच-साडेपाच मिनिटं उरली तेव्हा आम्ही 10 गुणांनी मागे होतो. तिथून आमची पोरं परत आली. सगळं सांगत नाही, तू बघशीलच. शेवटी 74-71, आम्ही तीनने मागे, घड्याळात मोजके सेकंद, बॉल मार्कस पेजकडे. चौथ्या वर्षाचा, सडपातळ, डावखुरा. तो तीन गुणांच्या रेषेबाहेरून उडाला, समोरून बचावपटू अंगावर आला. हवेत असतानाच पेजने बॉल खाली घेतला, पाय फाकले, तोल गेला, आणि पडता पडता पुन्हा वर नेऊन फेकला. आत. 74-74. मी घरात एवढ्यांदा ओरडलो की शेजारचे काका बेल वाजवून विचारायला आले.

उरले होते 4.7 सेकंद. व्हिलानोवाने टाइम-आउट घेतला.

आता इथे मी तुला एक माणूस दाखवतो. डॅनियल ओचेफू, त्यांचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच गडी, सहा फूट अकरा इंच. टाइम-आउट संपताना तो कोर्टवर येतो तो हातात मॉप घेऊन. फरशी पुसणाऱ्या पोराच्या हातातून त्याने तो घेतला आणि आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या 4.7 सेकंदांआधी हा धिप्पाड माणूस वाकून लादी पुसतोय! कारण साधं होतं. आधीच्या धडपडीत तो तिथेच आपटला होता, लाकडावर घाम सांडला होता, आणि पुढच्या डावात त्याला नेमकं तिथेच उभं राहून आपल्या साथीदारासाठी आडोसा करायचा होता. पाय घसरून चालणार नव्हतं. बॉल आपल्याकडे येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग क्रिस जेन्किन्सने रेषेबाहेरून बॉल कोर्टवर टाकला रायन आर्सिडियाकोनोकडे. हा चौथ्या वर्षाचा, संघाचा म्होरक्या, फिलाडेल्फियाच्या आसपासच वाढलेला, लहानपणापासून व्हिलानोवाचा भक्त. असल्या पोराने रात्री झोपताना किती वेळा हा क्षण मनात खेळला असेल, कल्पना कर. तो बॉल टपटपवत निघाला, ओचेफूच्या आडोशाने वळला, आमचे सगळे डोळे आणि हात त्याच्यावर. बॉल आत टाकणारा जेन्किन्स मात्र मागून सावकाश येत होता, त्याला आवाज देत. बॉल आत टाकून झाला की त्या माणसाचं काम संपलं, असं बचाव करणाऱ्याला वाटतं. सगळी मेख तिथेच होती. हा डाव त्यांनी सरावात पुन्हा पुन्हा घोटला होता. आर्सिडियाकोनोने स्वतः मारायचं की द्यायचं, ते त्याने पळता पळता ठरवायचं होतं. त्याने दिला. खालून, हलकेच, मागे. जेन्किन्सने दोन पावलं घेतली आणि सोडला. बॉल हवेत असताना बझर वाजला, बोर्डाभोवतीचे लाल दिवे लागले आणि बॉल आत. 77-74. त्यांचे कोच जे राइट जागचे हललेदेखील नाहीत. ओठांतल्या ओठांत एक शब्द पुटपुटले आणि हात मिळवायला आमचे कोच रॉय विल्यम्स यांच्याकडे चालू लागले. विल्यम्स यांना पुढे पत्रकारांसमोर धड बोलता येईना.

(जाता जाता: हा जेन्किन्स शाळेत असल्यापासून ज्या ब्रिट कुटुंबात वाढला, त्यांचा सख्खा मुलगा नेट ब्रिट त्या रात्री आमच्या संघात होता. त्या घरातल्या आईबापांनी कुठल्या डोळ्याने रडायचं?)

मी त्या दिवशी ऑफिसात कुणाशी बोललो नाही. पण एक गोष्ट मला तेव्हापासून डाचते, आणि तुझा मेसेज वाचून ती पुन्हा वर आली. आम्हाला हरवलं ते एका पासने. आणि पासचा मान राखायला शिकवणारा माणूस आमचा होता.

डीन स्मिथ. 1961 ते 1997 कॅरोलायनाचे कोच, 879 विजय. माझ्या विद्यार्थिदशेत तेच होते. त्यांचा एक दंडक होता: बास्केट झाली की ती करणाऱ्याने आधी बोट दाखवायचं, ज्याने पास दिला त्याच्याकडे. नाचणं, छाती पिटणं नंतर. आम्ही गरीब विद्यार्थी सगळ्यात वरच्या रांगांत बसायचो. तिथून चेहरे ओळखू यायचे नाहीत, पण बोट दिसायचं. मग वीस हजार लोक त्या बोटाच्या दिशेने बघायचे. दमलेल्या खेळाडूने मूठ वर केली की त्याला बाहेर घ्यायचं, आणि तो बाहेर येताना सगळी बेंच उभी राहायची, हाही त्यांचाच नियम. 2015 मध्ये स्मिथ गेले. मृत्युपत्रातून त्यांच्या हाताखाली खेळलेल्या प्रत्येक खेळाडूला 200 डॉलरचा चेक पोचला, कोचकडून बाहेर एक जेवण म्हणून. जॉर्डनलाही तेवढाच आणि ज्याचं नाव तू-मी ऐकलेलं नाही त्यालाही तेवढाच.

आता नीट बघ, स्मिथ यांनी बोट दाखवण्याचा नियम का केला? पोरं चांगली आहेत, आपणहून कृतज्ञ राहतील, असं त्यांनी धरून चाललं नाही. प्रेक्षक बॉलच्या मागे बघतो, टीव्ही बास्केट करणाऱ्याच्या मागे पळतो, हे त्यांना माहीत होतं. 1982 च्या फायनलमध्ये पहिल्या वर्षाच्या जॉर्डनने शेवटचा शॉट मारला, जॉर्जटाउनला 63-62 ने हरवलं, ते सगळ्या जगाला पाठ आहे. त्याला पास दिला जिमी ब्लॅकने. हे नाव चॅपल हिलच्या बाहेर किती जणांना सांगता येईल? श्रेय आपसूक वाहत येत नाही. त्याला पाट काढून द्यावा लागतो.

तेव्हा तुझ्या गाऱ्हाण्याला मी "काम करत राहा, लोकांना कळेलच" असलं उत्तर देणार नाही. वडीलधारे हे सांगतात, मीही ऐकलंय. पुष्कळदा लोकांना कळत नाही. आर्सिडियाकोनोला त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, ते बरंच झालं, पण त्यावर विसंबून कुणी आयुष्य आखू नये.

आणि एक फरक आहे, तो विसरू नकोस. आर्सिडियाकोनोने पास दिला, तो त्याचा निर्णय होता. तुझं तसं झालं का? गाईडने तुला विचारलं होतं का, तू "चालेल" म्हणालीस का? तशी म्हणाली असशील तर आता कुढू नकोस, तो तुझा पास होता आणि चांगला होता. न विचारता बॉल हातातून काढून घेतला असेल, तर त्याला पास म्हणत नाहीत, आणि त्याचा सोक्षमोक्ष लावायला हवा. तुझ्या मेसेजमधून मला हे कळलं नाही. बहुधा तुझं तुलाही नीट ठरवता आलेलं नाही. आधी ते ठरव.

मग गाईडकडे अर्धा तास माग. ईमेलने माग, कॉरिडॉरमध्ये गाठून नको. जाताना लॅबची वही ने, तारखा-वारांसकट. "मला वाईट वाटलं" हे एका वाक्यात सांग, त्यावर थांबू नकोस. पुढचं वाक्य मागणीचं हवं: जर्नलला पेपर जाणार आहे त्यात लेखकांचा क्रम काय, आणि पुढच्या परिषदेत कोण बोलणार? मसुदा लिहायला घेण्याआधी विचार. नंतर विचारलं की तेच भांडण ठरतं. बाहेर आल्यावर जे ठरलं ते दोन ओळींत लिहून त्यांना पाठव, आभार मानून. मराठी माणसाला हे जड जातं, "असं कसं विचारायचं" म्हणून आपण घरी येऊन भांडी आपटतो. तिकडे विचारणाऱ्याला कुणी उद्धट समजत नाही.

सिनियरशीही एकदा कॉफीवर बोल. कदाचित त्याच्या डोक्यात आलंही नसेल. मोठा शॉट बसल्यावर माणसाला आजूबाजूचं दिसत नाही. कदाचित सगळं ठाऊक असून त्याने केलं असेल. दोन्ही तुला चेहऱ्यावरून कळेल.

आणि तुझ्याकडून एक सुरुवात कर. तुझी मशीन बिघडते तेव्हा तळघरातून कोण येतो ती दुरुस्त करायला? नमुने धुऊन ठेवणारी ती पदवीची मुलगी, जिच्याबद्दल तू मागे लिहिलं होतंस, तिचं नाव तुझ्या एकातरी स्लाइडवर आहे का? पुढच्या वेळी बोलायला उभी राहशील तेव्हा पहिल्या मिनिटात त्यांची नावं घे, मोठ्याने, पूर्ण नावं. लॅबमध्ये एकीने सुरू केलं की इतरांना न करणं अवघड जातं. चॅपल हिलला सुरू झालेली ती बोटाची खूण पुढे देशभरच्या कोर्टांवर गेली, ती काही कुणी परिपत्रक काढून नाही.

एवढं करूनही गाईड ढिम्म राहिले, तर खुशाल लॅब बदल. त्यात हार मानल्यासारखं काही नाही. मी तुझ्या आई-बाबांशी बोलेन.

मार्कस पेजचं सांगायचं राहिलं. वर्षभराने, 3 एप्रिल 2017 ला, आमचा संघ पुन्हा फायनलला गेला आणि गोन्झागाला 71-65 ने हरवून जिंकला. पंचांच्या शिट्ट्याच शिट्ट्या, कुणाचा नेम लागत नाही, बघायला कंटाळवाणी मॅच, पण जिंकलो. जोएल बेरी दुखऱ्या घोट्यांवर खेळून 22 गुण करून गेला. पेज मात्र संघात नव्हता. त्याची चार वर्षं ह्यूस्टनलाच संपली होती. 21 गुण, तो अशक्य शॉट, आणि हाती विजेतेपद नाही. ज्यांना पहिल्या वर्षांत त्याने हाताला धरून खेळवलं, त्यांना ते मिळालं. याची भरपाई झाली असं मी म्हणणार नाही, झाली नाही. पुढे 2023 मध्ये तो कॅरोलायनाच्याच बास्केटबॉल स्टाफमध्ये परतला, नव्या पोरांना घडवायला. ते वाचून मला बरं वाटलं, इतकंच.

ती मॅच बघशील तेव्हा शेवटच्या पाच सेकंदांची क्लिप बघू नकोस, शेवटची दहा मिनिटं तरी बघ. पहिल्यांदा बॉलकडे बघ. दुसऱ्यांदा, ज्याच्याकडे बॉल नाही त्याच्याकडे.

राहता राहिली तुझी रूममेट. ती नॉर्थ कॅरोलायना स्टेटची चाहती आहे म्हणालीस, म्हणजे तुला 1983 ऐकावंच लागणार. अल्बुकर्कीला फायनल, ह्यूस्टन विद्यापीठाशी 52-52 बरोबरी, शेवटचे सेकंद, डेरेक व्हिटनबर्गने फार लांबून बॉल भिरकावला, तो रिंगपर्यंत पोचलाच नाही, आणि खाली उभ्या लॉरेन्झो चार्ल्सने तो हवेतच पकडून आत कोंबला. 54-52. कोच जिम वाल्व्हानो मिठी मारायला माणूस शोधत कोर्टभर धावत सुटले. व्हिटनबर्ग नंतर गमतीने म्हणत आला की तो शॉट नव्हताच, पास होता. रूममेट हेच शपथेवर सांगेल. मान्य करू नकोस. ब्रॅकेटमध्ये मात्र तिला दुखवायला म्हणून आमच्या कट्टर वैऱ्याला, ड्यूक विद्यापीठाला, जिंकवू नकोस, त्यात तुझ्या काकाची अब्रू जाते.

गाईडला पाठवायच्या ईमेलचा मसुदा रविवारपर्यंत मला धाड.

तुझा,
काका