पिट्सबर्गजवळ उन्हाळ्यात वॉलाय आणि पर्च हे मासे पकडायला कुठे जावं? काय काय लागतं?

तुम्ही लिहिलंय की जुलैत मुलीकडे पिट्सबर्गला येताय, जावई हौशी आहे, एकच दिवस मोकळा आहे. आणि जाता जाता विचारलंय, "जाळं वगैरे लागतं का?" बाकीचे प्रश्न सोपे आहेत. जाळ्याच्या (म्हणजे गळाला लागलेला मासा पाण्यातून उचलून घ्यायच्या, दांडी लावलेल्या जाळ्याच्या) प्रश्नावरून मात्र आमच्या घरात २०१९ पासून दोन पक्ष आहेत, म्हणून लिहायला बसलो.

जागा एकच. पायमाटूनिंग. गाडीने दीड तास. धरणाचं पाणी आहे, तळं नव्हे. मोठी दलदल होती, शेनँगो नदीवर बांध घातला, १९३४ साली काम पुरं झालं. सतरा हजार एकरांच्या आसपास पसारा, त्यातला मोठा भाग पेन्सिल्व्हेनियात आणि उरलेला ओहायोत. होडीतून गरवणार, म्हणजे गळाने मासे धरणार, असाल तर दोन्हीपैकी कुठल्याही एका राज्याचं लायसन्स चालतं. लायसन्स तुम्हालाही लागेल, "मी नुसता बसणार" म्हणून सुटका नाही, कारण कोणीही नुसता बसत नाही. पाहुण्यांसाठी एक, तीन आणि सात दिवसांचं टुरिस्ट लायसन्स मिळतं, घरबसल्या काढा.

आमच्या बाबांसाठी मी ते काढलं तेव्हा त्यांनी डॉलरचे रुपये केले आणि दहा मिनिटं बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या खाडयेत गरवूक कोणी कधी पैशे घेवूक नाय." बाबा मालवणचे. सगळा जन्म एसटीत कंडक्टरी केली, पण सुट्टीच्या दिवशी खाडीवर. त्यांच्या लेखी मासा म्हणजे समुद्राचा किंवा खाडीचा. गोड्या पाण्यातल्याला ते मासा म्हणत नाहीत, चिखल म्हणतात. आणि नेमके माझे साडू इंदापूरकडचे, उजनीच्या पाण्यावर वाढलेले. भिगवणची चिलापी म्हटली की त्यांचे डोळे ओले होतात. अशा दोन माणसांना चौदा फुटी ॲल्युमिनियमच्या होडीत नऊ तास समोरासमोर बसवण्याची कल्पना माझी. ती चूक मी कबूल करतो. पुढच्या चुका माझ्या नाहीत.

पहाटे साडेतीनला निघालो. साडूंचं म्हणणं नाश्ता करून आरामात निघू, मासे काय ऑफिसला जातात? हे ऐकू नका. वॉलायच्या डोळ्यात मांजरासारखा चमकणारा थर असतो, अंधुक उजेडात त्याला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही, एवढाच त्याचा धंदा. जुलैत ऊन चढलं आणि पाणी आरशासारखं पडून राहिलं की तो खाली जाऊन गप्प बसतो. वारा सुटून पाणी गढूळलं, लाटा फुटायला लागल्या, तर भर दुपारीही तोंड लावतो. पर्चचं उलटं. तो दिवसाचा मासा, थव्याने फिरतो, रात्री झोपतो. म्हणून सकाळी वॉलाय, दहानंतर पर्च, संध्याकाळी जमलं तर पुन्हा वॉलाय. एका दिवसात दोन्ही हवे असतील तर हा क्रम बदलू नका.

एस्पिव्हिल आणि ओहायोतलं अँडोव्हर यांना जोडणारा रस्ता थेट पाण्यातून जातो. त्याच्या दक्षिणेला आम्ही होडी वाऱ्यावर सोडली. इथे मोटारीला २० हॉर्सपॉवरची मर्यादा आहे, साडूंची साडेनऊची, म्हणजे फार तर फुरफुरते. पाणी उथळच, वीस फूट म्हणजे खोल. वॉलायला वर्म हार्नेस लावायचा: तंगुसावर (गळाच्या नायलॉन दोऱ्यावर) रंगीत मणी, एक फिरकी, मागेपुढे दोन गळ, आणि त्या दोन गळांवर एकच लांबलचक गांडूळ ताणून लावलेलं. तळापासून वीतभर वर, सावकाश ओढत न्यायचं. हे दोन गळ लक्षात ठेवा. सगळं रामायण त्या पुढच्या गळाचं आहे.

साडूंकडे फिश फाइंडर होता, पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र. पडद्यावर कमानी उमटल्या की ते "आले, आले" म्हणायचे. बाबांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "मासो हाताक कळता. टीव्हीर कित्या बघूक व्हयो?" मग पिशवीतून एक लाकडी फळी काढली. तिच्यावर तंगूस गुंडाळलेला. मालवणहून आणलेला, कपड्यांच्या घडीत लपवून, आईलाही पत्ता नाही. (हातदोरी इथे चालते, लायसन्स मात्र तेच.) त्यांनी शिसं दाताने दाबून बसवलं, गांडुळाचा बोटभर तुकडा लावला, आमच्याकडे त्याला काडू म्हणतात, आणि तंगूस उजव्या तर्जनीच्या पेराखालून घेऊन मांडीवर हात ठेवून बसले. रॉड नाही, रीळ नाही. बघताना वाटावं की माणूस देवळात बसलाय. मधूनच ते बोट नखाएवढं वर जायचं आणि फळी गरागरा फिरायला लागायची.

साडेदहापर्यंत बाबांचे तेवीस पर्च. माझे सात. साडूंचे चार, आणि त्यांच्या पडद्यावर असंख्य.

पर्च हातात घेताना जपा. पिवळा धमक, अंगावर गर्द पट्टे, वीतभर, दिसायला खेळण्यासारखा, पण पाठीवरचे काटे उभे करतो आणि गालफडाची कड ब्लेडसारखी असते. डोक्याकडून मागे हात फिरवत काटे निजवायचे आणि मग मूठ आवळायची. वॉलायच्या तोंडात तर बोट घालूच नका, त्याला सुळे असतात. बाबांनी घातलं. साठ वर्षांचा अनुभव, तरी घातलं. रुमाल बांधून पुन्हा बसले.

आता मुद्द्यावर येतो. अकराच्या सुमाराला पश्चिमेकडून वारा आला, होडी डुलायला लागली, आणि साडूंचा रॉड वाकला. पर्चसारखं टुकटुक नाही, तळाला गोणपाट अडकावं तसा जड. साडू उभे राहिले. (होडीत उभे राहू नका.) पाच मिनिटांनी पाण्यात सोनेरी पाठ दिसली, शेपटीच्या खालच्या टोकाला तो पांढरा ठिपका दिसला, वॉलायची खूण. केवढा होता? माझ्या मते चोवीस इंच. साडूंच्या मते त्या दिवशी सव्वीस, दिवाळीत अठ्ठावीस, आणि गेल्या वर्षीच्या बारशात मी स्वतः तीस ऐकलं. इथे पंधरा इंचांखालचा सोडून द्यावा लागतो, तर हा तो प्रश्नच नव्हता. जाळं माझ्या हातात.

साडूंचा दावा: मी जाळं माशाच्या शेपटीकडून घातलं, तो बिथरला, गेला. बायको, मेव्हणी आणि सासूबाई हेच खरं धरून चालतात, कारण साडू गोष्ट चांगली सांगतात.

घडलं ते असं. मी जाळं पाण्यात अर्धं बुडवून स्थिर धरलं होतं. मासा डोक्याकडून जाळ्यात यायला हवा, आणि त्याला तसा आणायचं काम रॉडवाल्याचं असतं, जाळंवाल्याचं नाही. मासा दोन हातांवर आला आणि साडूंनी डावा हात रिळावरून काढून खिशातला फोन काढला. व्हिडिओ करायला! तंगूस ढिला पडला. माशाने अंग झटकलं, वळला, आणि तोंडाबाहेर लोंबणारा पुढचा गळ बाहेरच्या बाजूने जाळ्याच्या विणीत अडकला. चित्र डोळ्यासमोर आणा: मागच्या गळाला मासा, पुढच्या गळाला जाळं, मधे चार बोटं तंगूस, आणि जाळं माझ्या हातात. आता मी जाळं उचललं तरी मासा बाहेर, खाली केलं तरी बाहेर. त्याला जोर लावायला पक्की टेकण मिळाली. एक हिसडा, पाणी तोंडावर, संपलं.

मी म्हणतो, गळ अडकला कारण जाळं नायलॉनचं होतं, पातळ दोऱ्याची मोकळी वीण. रबराचा मुलामा असलेल्या जाळ्यात गळ रुतत नाही, निसटतो. तसलं जाळं त्याच दुकानात, त्याच भिंतीवर, पंधरा-वीस डॉलर महाग होतं. साडूंनी फिश फाइंडरवर खर्च केला आणि जाळ्यावर वाचवला. त्यात माझी चूक कुठे येते, हे मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, जाळं लागतं, आणि रबराचं घ्या. पर्चला लागत नाही, उचलून घेता येतो. फिश फाइंडर नसला तरी चालतं, आमच्या होडीतला सगळ्यात यशस्वी माणूस त्याच्याकडे पाठ करून बसला होता.

तेव्हाच मी बाबांना साक्षीला बोलावलं. तीन फुटांवर बसले होते, सगळं पाहिलं होतं. त्यांनी पुढचं काडू लावत मान वर न करता सांगितलं, "मासो गेलो. आता चूक कोणाची ती काढून कालवणात घालतलंस?" साक्ष नाहीच दिली. मालवणला फोन केला की अजूनही मी विचारतो, अजूनही देत नाहीत.

परत येताना त्यांना लाइन्सव्हिलचा सांडवा दाखवला, तुम्हीही बघा. लोक पाव टाकतात आणि कार्प माशांची इतकी दाटी होते की बदकं त्यांच्या पाठीवरून चालत पाव पळवतात. इथे मासे धरायला बंदी. हजारो मासे तोंडं वासून, हाताच्या अंतरावर, आणि कोणी धरत नाही. बाबा कठड्याला धरून बराच वेळ उभे होते. त्या बांधावरचं त्यांचं एकमेव वाक्य, "हेंका कोण पकडीत नाय?" मग गाडीत झोपले. त्याच गावात मत्स्यबीज केंद्र आहे, वसंतात याच पाण्यातले वॉलाय धरून अंडी काढतात आणि पिल्लं वाढवून सोडतात. साडूंच्या म्हणण्यानुसार त्यांचा मासा अजून दरवर्षी तिथे हजेरी लावतो.

आता चवीचं ऐका. घरी आल्यावर पर्चचे दोन्ही बाजूंचे फिले काढले, कातडीही उतरवली, खवले फार चिवट असतात. हळद, मीठ, मालवणी मसाला, आगळ (कोकमाचा रस), अर्धा तास. तांदळाचं पीठ आणि रवा अर्धा-अर्धा, तव्यावर. मालवणी माणसाला सांगायचं तर मुडदुशीच्या जातीची चव: पांढरं, नाजूक, गोडसर. चिखल नाही. थंड पाण्यातला मासा आहे, त्याला गढूळ डबक्यातल्या माशाचा वास येत नाही. साडू मला पाठिंबा द्यायला निघाले आणि मधेच चिलापीशी तुलना करून बसले, त्यामुळे बाबा पुन्हा बिथरले. पहिला तुकडा खाल्ला. "मुडदुशेची सर नाय." दुसरा खाल्ला, काही बोलले नाहीत. तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. मी ते माझ्या बाजूने धरलं आहे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. पाणी उथळ आणि उघडं आहे, वारा आला की बघता बघता लाटा उठतात, जुलैत दुपारी गडगडाट होतो. ढग दिसले की काठाला या, मासा लागत असला तरी. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घाला, लहान होडीत बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना तर कायद्यानेच लागतं. पकडलेला मासा आठवड्यातून एकदाच खावा, असा पेन्सिल्व्हेनियाचा सल्ला आहे, पाऱ्यासारख्या गोष्टींमुळे. मापं आणि संख्येचे नियम बदलतात, जायच्या आधी बघून घ्या. आणि स्वतःची होडी नसेल तर धक्क्यावर भाड्याने मिळते, पण ती पहाटे चारला मिळणार नाही, तेव्हा वर मी वॉलायबद्दल जे काही सांगितलं त्यातला निम्मा भाग तुम्हाला संध्याकाळीच लागू पडेल.

आणि हेही लिहून टाकतो, नाहीतर साडू इथे येऊन लिहितील: गळ अडकण्याच्या आधी एकदा, एकदाच, मी जाळं मागून पुढे सरकवलं होतं. शेपटीला लागलं नव्हतं. ते जाळं साडूंनी गॅरेजमध्ये टांगून ठेवलंय, पुढचा गळ अजून त्यात तसाच रुतलेला आहे, पुरावा म्हणून काढू देत नाहीत. गळ बाहेरच्या बाजूने आहे. मी फोटो काढून ठेवलाय.