वाचकांचे प्रश्न : सूर्याच्या उष्णतेने कार्बन डायऑक्साइडचे इंधन

प्रश्न : आमच्या भागातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबवताना कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि तो बहुधा हवेतच जातो. सूर्याच्या उष्णतेने त्याचे इंधन करता येते असे वाचले. त्यासाठी कोणता पदार्थ लागतो, तो वापरात संपतो का, आणि बेळगाव जिल्ह्यात हे जमेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : डिस्टिलरीच्या वायूकडे आपले लक्ष गेले हे योग्यच झाले. बॉयलरच्या धुरात नायट्रोजन फार असतो. आंबवणीच्या टाकीतला वायू मात्र जवळजवळ शुद्ध असतो आणि एक लिटर अल्कोहोलमागे सुमारे पाऊण किलो मिळतो.

या कामासाठी आज सर्वांत भरवशाचा मानला जाणारा पदार्थ म्हणजे सिरियम ऑक्साइड, अर्थात सिरिया. तो आपल्या पूर्वीच्या पिढ्यांच्या नजरेखालून गेलेला आहे, कारण वरातीतल्या गॅसबत्तीच्या मँटलमध्ये थोरियम ऑक्साइडबरोबर सुमारे एक टक्का सिरियाच असे. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूत सापडणाऱ्या मोनाझाइट या खनिजात सिरियम असते.

सिरिया स्वतः इंधन नाही आणि तो संपतही नाही. आरशांनी एकवटलेल्या उन्हात, आजूबाजूला ऑक्सिजन अगदी कमी ठेवून, तो सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्याच्या स्फटिकातले काही ऑक्सिजन अणू निघून जातात. मग तो ९०० अंशांच्या आसपास आणून त्यावरून कार्बन डायऑक्साइड सोडला, तर गमावलेला ऑक्सिजन तो त्या वायूकडून काढून घेतो आणि कार्बन मोनॉक्साइड उरतो. सोबत पाण्याची वाफ सोडली तर हायड्रोजनही मिळतो, आणि या दोन वायूंच्या मिश्रणापासून पुढे फिशर-ट्रॉप्श प्रक्रियेने, म्हणजे उत्प्रेरकाच्या मदतीने हे वायू जोडून द्रव इंधन करण्याच्या पद्धतीने, केरोसीन किंवा डिझेल करता येते.

खरी अडचण पुढे आहे. अशा एका फेरीत सिरियातले ऑक्सिजनचे शंभरातले जेमतेम दीडएक अणू बाहेर पडतात, म्हणजे एक किलो सिरियामागे साधारण पाच ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड हाती येतो, ज्यात सुमारे ५० किलोज्यूल ऊर्जा असते. उलट तो किलोभर सिरिया ९०० वरून १५०० अंशांवर नेण्यातच २५० किलोज्यूलहून अधिक उष्णता खर्ची पडते आणि ती प्रत्येक फेरीत पुन्हा द्यावी लागते. ही उष्णता परत वापरात आणता आली नाही, तर आरसे कितीही वाढवून फारसे साधत नाही, असे माझे मत आहे. माद्रिदजवळच्या मोस्तोलेस येथे १६९ आरशांचा सौर मनोरा उभारून झुरिकच्या ईटीएच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हीच क्रिया केली; २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सौर ऊर्जेपैकी ४.१ टक्के ऊर्जा वायूमिश्रणात उतरली होती.

पर्यायांचा शोध म्हणूनच चालू आहे. लॅन्थॅनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगनीज यांची पेरोव्हस्काइट संयुगे (एका विशिष्ट स्फटिकरचनेची ऑक्साइडे) सिरियापेक्षा कमी तापमानाला अधिक ऑक्सिजन सोडतात, पण जो पदार्थ ऑक्सिजन सहज सोडतो तो कार्बन डायऑक्साइडकडून तो ओढून घेण्यात मात्र मंद असतो, आणि मग त्यावर कितीतरी जास्त वायू सोडावा लागतो. लोहाची ऑक्साइडे स्वस्त आहेत, मात्र या तापमानात त्यांचे कण एकमेकांना चिकटून घट्ट होतात. जस्ताच्या ऑक्साइडमधून तर जस्ताची वाफच होते आणि थंड होताना ती ऑक्सिजनशी पुन्हा संयोग पावते.

राहिला जिल्ह्याचा प्रश्न. आरशांना थेट ऊन लागते. ढगाळलेला उजेड, मग तो कितीही लख्ख असो, एका बिंदूवर एकवटत नाही. त्यामुळे पावसाळ्यात खानापूरच्या घाटालगतच्या पट्ट्यात ही यंत्रणा बसूनच राहील. अथणी, रायबागच्या कोरड्या बाजूला परिस्थिती बरी आहे, आणि गळीत हंगामही निरभ्र महिन्यांतच येतो. तरीही एवढे आरसे, मनोरा, निर्वात पंप आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड हाताळणारी माणसे एकट्या कारखान्याला आज परवडणारी नाहीत. आपल्या डिस्टिलरीच्या वायूला सध्या खरे गिऱ्हाईक शीतपेये आणि शुष्क बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) बनवणारेच आहेत, तेव्हा तो पकडून शुद्ध करण्याची सोय आधी त्यांच्यासाठी करावी. इंधनासाठीही तीच सोय लागणार आहे.